गुळव्याची बोटं

"काळा पडला," गुऱ्हाळाचे मालक अण्णा मगदूम म्हणाले.

वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, ओतलेला गूळ निवत होता. आमच्या कोल्हापूरकडचा गूळ पिवळाधमक असायला हवा, हा पिकल्या चिंचेच्या रंगाचा दिसत होता. अण्णांनी एक खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला.

"बापूसो, ह्याला गूळ म्हणायचं का डांबर?"

बापूसो म्हणजे माझे वडील, आमचे आबा. बापूसो चौगले, गुळव्या. गुऱ्हाळावर ऊस आणणारे, रस गाळणारे, चुलवण पेटवणारे सगळे वेगवेगळे असतात. पण काहिलीतला, त्या भल्यामोठ्या कढईतला, रस गुळाला कधी आला हे ठरवायचा मान एकट्या गुळव्याचा. तो "काढा" म्हणाला की काहील जाळावरून उतरते. जरा आधी म्हणाला तर गूळ चिकट राहतो, जरा उशीर केला तर करपतो. त्या 'जरा'वर आबांनी सगळा जन्म काढला होता. त्यांची रीत पाहायला लांबून माणसं यायची. पाण्यात हात बुडवायचा, ओल्या बोटांनी काहिलीच्या काठाचा उकळता पाक चिमटीत उचलायचा, परत पाण्यात बोटं घालून त्याची गोळी वळायची. गोळी हाताला काय सांगते ते ऐकायचं आणि मगच तोंड उघडायचं.

"ऊस बरा न्हवता," आबा म्हणाले. मग चुलवणाकडं वळले. "आणि ह्या धोंड्यानं जाळ वाढीव घातला. कुणी सांगितलं हुतं रं तुला?"

धोंडीमामा चुलवणाच्या तोंडाशी चिपाडं सारत बसलेले असायचे. आबांचे बालमित्र. त्यांची दोघांची गुऱ्हाळावरची जोडी माझ्या जन्माआधीची. धोंडीमामा उठून उभे राहिले, तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "बापू, तू सांगशील तसाच जाळ घातलाय मी आजवर. आजबी तसाच घातला."

"म्हंजे मी खोटं बोलतुया?"

धोंडीमामा खाली बसले आणि पुन्हा चिपाडं सारायला लागले. मला त्यांच्याकडं बघवेना. मी जेवणाचा डबा घेऊन उभी होते आणि डबा कुणाला द्यावा हे समजत नव्हतं.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीला गावी आले होते. येताना आमच्या सरांकडून एक तापमापक मागून आणलं होतं. लांब लोखंडी दांडी आणि वर घड्याळासारखी तबकडी. सुट्टीत गुऱ्हाळावर जाऊन रसाचं तापमान नोंदवायचं असं माझ्या डोक्यात होतं. आबांनी ते आल्या दिवशीच बघितलं आणि खो खो हसले होते. "रसाला ताप आलाय व्हय गं वैजू? औषध काय देणार?"

त्या दिवशी मात्र कुणी हसत नव्हतं. जाताना अण्णा एवढंच म्हणाले, "उद्या माझ्या नदीकडच्या मळ्यातला ऊस हाय. दोन आदणं निघतील. ती नीट उतरली तर बरं. न्हाईतर मला शिरोळचा गुळव्या बोलवाय लागंल. राग मानू नगा बापूसो, माझाबी इलाज न्हाई."

एकेका काहिलीच्या उकळीला आमच्याकडं आदण म्हणतात. दोन आदणं म्हणजे आबांना उद्याचा एक दिवस मिळाला होता.

*

दिवस मावळताना आबा घरी आले. आई सोप्यात कांदा चिरत होती. तिनं वर बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, "एक पायताण कुठं टाकून आलासा?"

आबांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय मोकळा, धुळीनं पांढरा झालेला आणि टाचेतून थोडं रक्त येत होतं. ते त्या पायाकडं असे बघत राहिले, जणू तो शेजाऱ्याचा पाय आहे.

"वाटंत पडलं असंल," ते म्हणाले. "ध्येनात न्हाई आलं."

आई परत कांद्याकडं वळली. नवरा विसरभोळा असणं तिला नवीन नव्हतं. पण मला काही ते पटेना. चप्पल विसरायला ती आधी काढावी लागते. ही तर चालता चालता निघून पडली होती, खडीच्या रस्त्यावर, आणि टाच फुटली तरी माणूस तसाच चालत आला होता.

मी चहा नेऊन दिला. पितळेची वाटी, कडेपर्यंत भरलेली, मला नुसत्या हातानं धरवत नव्हती म्हणून ओढणीनं धरून आणलेली. आबांनी ती सरळ बोटांत घेतली आणि धरून बसले. धरूनच बसले. तेव्हा मला त्यांच्या उजव्या हाताची बोटं दिसली. अंगठ्याला आणि दोन बोटांना फोड आले होते, एक फुटला होता.

"आबा, भाजलंय की केवढं!"

"कुठं?" म्हणून त्यांनी हात उलटा करून पाहिला आणि पटकन मूठ मिटली. "जुनं हाय ते."

जुनं नव्हतं. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. आईच्या सुपातून एक चिंचोका उचलला आणि म्हटलं, "आबा, डोळं मिटा बघू. लहानपणी खेळायचो तसं. हातात काय हाय ते सांगायचं."

"येडी का खुळी तू? मला काय सुचंना झालंय आज, आणि हिला खेळ सुचतुया."

"मिटा की."

लेकीचं ऐकायची खोड होती त्यांना. डोळे मिटले, तळवा पुढं केला. मी चिंचोका त्यांच्या बोटांच्या टोकांवर ठेवला आणि त्यांची चिमूट माझ्या हातानं मिटवली. मोठा, गुळगुळीत, कडक चिंचोका.

ते वाट बघत होते. मग डोळे मिटूनच म्हणाले, "ठेव की आता."

मला रडू फुटलं. माझ्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले, चिमटीतला चिंचोका पाहिला. बराच वेळ पाहिला. आईचा कांदा चिरायचा आवाज थांबला होता.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"गेल्या सालच्या दसऱ्यापासनं. आदी पाय, मग हात." आबांनी चिंचोका परत सुपात टाकला. "शिबिरातल्या डॉक्टरनं साखर हाय म्हणून सांगितलं हुतं. मला हसू आलं. गुळव्याला साखर न्हाई हुणार तर काय मीठ हुणार?"

त्यांनी मग सगळं सांगितलं. बोटांत गोळी घेतली की काहीच लागत नाही. सगळं मऊच लागतं. म्हणून ते थांबतात, अजून थांबतात, आणि तेवढ्यात पाक करपतो. हे त्यांना कळत होतं आणि तरी कळत नव्हतं, कारण चाळीस वर्षं बोटांनी जे सांगितलं ते खरंच निघालं होतं. आता बोटं खोटं बोलतात हे मान्य करायचं म्हणजे काय उरलं? त्यापेक्षा धोंडीवर जाळ वाढवल्याचा आळ घेणं सोपं गेलं.

"त्यो बिचारा उलटा शब्द बोलला न्हाई," आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी डोळे पुसले आणि आत जाऊन तापमापक घेऊन आले. त्यांच्या पुढ्यात ठेवलं. या वेळी ते हसले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं आदण चढलं. काहिलीजवळ उभी राहिलेली बाई आमच्या गुऱ्हाळावर मी तोवर पाहिली नव्हती. आबांनी "पोरगी कालिजातनं शिकून आलीया, तिला बघायचंय" म्हणून सांगितलं आणि पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. धोंडीमामांनी माझ्याकडं बघून मान हलवली. आबांशी ते बोलत नव्हते, पण जाळ नेहमीसारखाच घालत होते.

पुस्तकातला आकडा मला पाठ होता. एकशे अठरा अंशांना गूळ होतो. मी बांबूला बांधलेलं तापमापक पाकात धरून उभी राहिले. वाफेनं तोंड भाजत होतं, काटा हळूहळू चढत होता. रसावर आलेली मळी कधीच काढून झाली होती. मोठमोठे बुडबुडे यायला लागले, मग ते बारीक झाले, मग पाक जड होऊन चटचट वाजायला लागला. आबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी बोटं पाण्यात घातली होती, पण काहिलीकडं नेली नव्हती.

काटा एकशे अठरावर टेकला.

"आबा, झालं."

ते पाकाकडं बघत होते. एकदा त्यांनी आपल्या ओल्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू म्हणतीयास तर... काढा रं."

काहील उतरली. पाक वाफ्यात पसरला. आम्ही वाट बघितली. निवल्यावर पोरांनी तो बादल्यांत भरला, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाडायला बादल्या उपड्या केल्या, आणि रवा बसेना. बोट लावलं तर बोट रुतत होतं. रंग सुरेख होता, सोन्यासारखा. पण बाजारात नेता नेता वाटेतच पसरला असता.

अण्णा आले, त्यांनी बघितलं. ओरडलेसुद्धा नाहीत, त्याचीच भीती वाटली. "काल करपला, आज कच्चा," ते म्हणाले. "पोरीला घरी लावून द्या बापूसो. आणि दुसरं आदण हुईस्तवर शिरोळला निरोप धाडतो मी."

मी बाजूला जाऊन चिपाडांच्या ढिगावर बसले. आकडा चुकला नव्हता. मी दोनदा बघितला होता. मग गूळ का चुकला? माझं सगळं शिक्षण पाण्यात गेलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्यामुळं आबांचा अर्धा दिवस गेला होता.

आबा येऊन शेजारी बसले.

"नदीकडचा ऊस हाय ह्यो," ते म्हणाले. "खाऱ्या जमिनीतला. लई चिवट. ह्याला जादा आटवाय लागतंय."

"मग तवा का न्हाई सांगितलं?"

"पोटात हुतं माझ्या. अजून थांबावं असं आतनं सारखं वाटत हुतं." त्यांनी आपली फोड आलेली बोटं बघितली. "पण कालबी आतनं असंच वाटलं हुतं, अजून थांब, अजून थांब. काल थांबलो आणि काळा झाला. म्हणून आज म्हटलं, गप बसावं. माझ्या पोटावरचा माझाच इस्वास उडालाय वैजू."

"किती आटवाय लागतंय ह्या उसाला? आकडा सांगा मला."

"आकडा कुठनं आणू? गोळी सांगायची हाताला."

समोर दुसऱ्या आदणाचा रस काहिलीत पडत होता. हिरवट, फेसाळ. धोंडीमामांनी चिपाडं सारली आणि चुलवण भडकलं. मला एकदम वाटलं की आमच्या दोघांत मिळून एक गुळव्या आहे खरा, पण त्याचा हात एकीकडं आणि डोकं एकीकडं झालंय. हे मी काही इतकं नीट बोलले नाही. मी फक्त माझा उजवा हात त्यांच्या पुढं धरला.

"हा घ्या."

"काय करू ह्याचं?"

"तुमचा हात सांगत न्हाई न्हवं? मग माझा वापरा."

आबांनी माझ्या बोटांकडं पाहिलं. मऊ, शाई लागलेली बोटं. "ह्यांस्नी काय कळतंय?" ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "बघू तरी."

*

दुसरं आदण गुळाला यायला लागलं तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. अण्णा खुर्ची टाकून लांब बसले होते. निरोप गेला होता की नाही, कुणी विचारलं नाही.

मी पाण्यात हात बुडवून काहिलीकडं नेला, तसा आबांनी माझा दंड धरला. "पळीनं घे. शहाणपणा नगं. माझी बोटं गेली तेवढी पुरं."

मी पळीनं थोडा पाक घेतला, गार पाण्याच्या परातीत सोडला आणि त्याची गोळी वळायला लागले. आबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना जरी काही कळत नव्हतं तरी त्यांचा तळवा गरम होता आणि पकड घट्ट होती. ते गोळीकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

"कसं लागतंय?"

"मऊ. पसरतंय."

"काटा?"

"एकशे चौदा."

"दुसरी घे."

मी दुसरी घेतली. "गोळी हुतीया. पण दाबली की चपटी."

"कशासारखी?"

"काय की. कणकेसारखी."

"पातळ भिजवलेली का घट्ट?"

असं त्यांनी मला कधीच काही विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. बोटांत नीट लक्ष घातलं. "आई चपातीला भिजवते तशी."

"मग लांब हाय अजून." त्यांनी कान काहिलीकडं केला. "धोंडी, जाळ जरा दमानं."

ही त्यांची सकाळपासूनची धोंडीमामांना पहिली हाक. धोंडीमामांनी वर न बघता दोन चिपाडं मागं ओढली.

काटा एकशे अठरावर आला. सकाळी इथंच चुकलं होतं. आकडा म्हणत होता झालं. मी गोळी वळली. ती कानाच्या पाळीसारखी लागत होती, वाकत होती, परत येत होती.

"एकशे अठरा, आबा. पण..."

"पण काय?"

"पण न्हाई वाटत."

"माझ्याबी पोटात न्हाई," आबा म्हणाले. "थांब."

पाक वाजायला लागला. आता त्याचा आवाज बदलला होता, सकाळी मी काट्याकडं बघत होते म्हणून मला तो ऐकूच आला नव्हता. करपल्याचा वास कुठं येतोय का म्हणून मी नाक ओढून बघत होते. अण्णा खुर्चीवरून उठून जवळ आले होते. एकशे एकोणीस. मी गोळी वळली, टाकली. वीस. वळली, टाकली. परातीतलं पाणी कोमट झालं तसं आबांनी ते बदलायला लावलं. मी पुन्हा पळी बुडवली, पाक पाण्यात सोडला, बोटांत घेतला.

"काढा!" आबा ओरडले.

मी अजून काही बोललेच नव्हते. बोलायचं काय हे ठरलंही नव्हतं. पण पोरं धावली, काहील उतरली, पाक वाफ्यात गेला, आणि मी हातातली गोळी काहिलीच्या लोखंडी काठावर टाकली. टक् असा आवाज आला. खडा पडल्यासारखा.

काटा बघायचं मला तेव्हा सुचलं. एकशे एकवीस.

मग वाट बघणं आलं. पाक निवला, बादल्यांत गेला. पहिली बादली धोंडीमामांनी स्वतः उपडी केली. रवा सुटला आणि जागेवर उभा राहिला, ताठ, पिवळाधमक. अण्णांनी बोट लावलं. रुतलं नाही. नखानं वाजवून पाहिलं. एक खडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ह्यो बापूसोचा गूळ," ते म्हणाले.

"माझा न्हवं," आबा म्हणाले. "माझ्या बोटांतनं जीव गेलाय अण्णा. कालचाबी दोष माझा हुता, जाळाचा न्हवं." हे ते अण्णांना सांगत होते, पण बघत होते धोंडीमामांकडं. "ह्यो गूळ आमा तिघांचा हाय. मी, पोरगी आणि धोंड्या. घ्यायचं असंल तर तिघांस्नी घ्या."

अण्णा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "उद्याचा ऊसबी त्याच मळ्यातला हाय. लवकर या." आणि धोंडीमामा चुलवणाशी बसल्या जागेवरून म्हणाले, "आता च्या पाज की रं बापू. दोन दिवस घसा कोरडा पडलाय माझा."

*

परत जाताना मला राहवेना. "आबा, मी काय बोलायच्या आदीच तुमी 'काढा' म्हणालासा. तुमच्या बोटांस्नी तर काय कळत न्हाई."

"तुझं मनगट ताठलं," ते म्हणाले. "गोळी बोटांत आली तसं. एवढंसं. माझा तळवा अजून जिता हाय."

"पण मी तर अजून ठरवत हुते."

"तू ठरवत हुतीस. हाताला कळलं हुतं." चार पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "आकडा काय पडला ह्या उसाला?"

"एकशे एकवीस."

"एकशे एकवीस," त्यांनी म्हणून पाहिलं. परत म्हणून पाहिलं. "नदीकडंचा, खारा. ध्येनात ठेव. मीबी ठेवतो. उद्या हात सांगंल तवा आकडा काय म्हणतोय ते बघू."

त्या हंगामात सुट्टी संपल्यावरही मी प्रत्येक शनिवारी गावी येत राहिले. बाकीच्या दिवशी आई जाऊ लागली. तिच्या बोटांना माझ्यापेक्षा लवकर कळू लागलं हे मी आता मोकळ्या मनानं सांगते. जन्मभर कणीक मळलेली बोटं ती. आबांची साखर पुढं गोळ्यांनी आटोक्यात आली, बोटांची जाण मात्र परत आली नाही. तरी ते आणखी बरीच वर्षं गुळव्या राहिले. आज माझं स्वतःचं छोटं गुऱ्हाळ आहे. तापमापक आहे, परातही आहे, आणि नवीन माणूस काहिलीशी उभा राहिला की मी आधी त्याचं मनगट धरते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची वाट. घराच्या वळणाशी मी आबांना बजावलं, "येत्या सोमवारी दवाखान्यात जायचं, आबा. खरंच जायचं."

"जाऊ की."

"आणि तोवर पायांकडं लक्ष ठेवायचं. लागत न्हाई म्हणून सोडून द्यायचं न्हाई."

आबा थांबले. कमरेत वाकले, आधी एका पायाकडं नीट बघितलं, मग दुसऱ्या. आईनं सकाळी चपलांना मागून दोरी बांधून दिली होती.

"दोन्ही हायती," ते म्हणाले, आणि चालायला लागले.